एका मीटरची चाळ

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण अंबरनाथची ती संध्याकाळ काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खून, दरोडे विसरलो. हा साधा तक्रार अर्ज मात्र दुपारी डोळा लागला की येतो, आणि त्याच्याबरोबर कारखान्यांकडून येणारा तो उग्र गोडसर वासही येतो.

दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. मी उपनिरीक्षक होतो. बुवापाड्यात राहणारी एक नर्स नवऱ्याला घेऊन पोलीस ठाण्यात आली. बदलापूरला फ्लॅट घ्यायचा म्हणून ती बँकेत गेली होती, पण तिच्या क्रेडिट रिपोर्टात मोटारसायकलचं थकलेलं कर्ज निघालं आणि बँकेने नकार दिला. हा रिपोर्ट म्हणजे काय, हे तेव्हा मलाही धड माहीत नव्हतं. माणसाने कुठे कर्ज घेतलं, कसं फेडलं, याची कुंडलीच ती. फक्त ती मांडणारा आपल्याला कधी भेटत नाही.

नवरा भिंतीकडे बघत बसला होता. बायकोने चोरून माहेरच्या भावाला गाडी घेऊन दिली, अशी त्याची पक्की समजूत. बाई सरळ बोलली.

"साहेब, फ्लॅट गेला तरी चालेल. पण ते कर्ज माझं नाही, एवढं यांच्यासमोर सिद्ध करा. त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलत नाहीत."

खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःचं नुकसान सांगतो. हिने तसं काही केलं नाही, म्हणून मी अर्ज चौकशीवर घेतला.

माझ्या हवालदाराने स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून खबर काढली. उल्हासनगरचा एक फायनान्स एजंट कोणाच्याही कागदांवर कोणालाही गाडी काढून देतो, अशी बोलवा होती. मला तर आरोपी हातात आल्यासारखाच वाटला. एजंटाला बोलावलं. अंगाने भारी, कपाळावर घाम, दर वाक्याला सिंधी 'साई'. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, पण गडी बधेना. बाई स्वतः येऊन सही करून गेली, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी मी नर्सला त्याच्यासमोर उभं केलं.

"नहीं साई, ये वो बाई नहीं है," तो म्हणाला. "वो दुबली थी. गाडी की पूजा में रो रही थी, इसलिए याद है."

त्याच्याकडच्या कर्जाच्या अर्जात नाव, आडनाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं हिचंच. म्हणजे कोणीतरी तोतया बाई उभी केली, असं मी ठरवून टाकलं आणि संध्याकाळी तिच्या चाळीत चौकशीला गेलो.

सासूबाईंनी ओट्यावर खुर्ची दिली. चहा आला. दिवेलागण झाली होती, कुठेतरी बुद्धवंदना चालली होती, मी शेजाऱ्यांना विचारत होतो. तेवढ्यात कोणीतरी विजेची शेगडी लावली असावी, आणि आमची अख्खी रांग अंधारात गेली. समोरच्या रांगेतले दिवे चालूच होते. त्यांचा पिवळसर उजेड ओट्यावर पडला, बायका दारात आल्या, कोणी ओरडलं नाही, सगळे नुसते वाट बघत राहिले. मलाही क्षणभर वाटलं, हे आपण झोपेत बघतोय.

मग तो अबोल नवरा उठला. स्टुलावर चढून दारावरच्या मीटरपाशी त्याने फ्यूजची तार बसवली, आणि पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत सगळी घरं एकदम उजळली. मी खुर्चीतून उठलोच.

"सगळ्यांना एकच मीटर?"

"आमच्या सासऱ्यांच्या नावावर आहे," सासूबाई म्हणाल्या. "रेशन कार्ड, शाळा, गॅस, काही असलं की सगळे आमच्याच बिलाची झेरॉक्स नेतात. नाही कसं म्हणायचं?"

म्हणजे कागदावर अख्ख्या रांगेचा पत्ता एकच. यांच्यापैकी गाडी कोणी घेतली होती, असं विचारल्यावर उत्तर लगेच आलं. शेवटच्या खोलीतल्या बाळूच्या आईने. नवऱ्याकडे कागद नव्हते म्हणून गाडी तिच्या नावावर काढली. पुढे तो अपघातात गेला आणि ती वांगणीला माहेरी निघून गेली. मी तिचं नाव विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं एका नळावर पाणी भरलं, पण ती सगळ्यांसाठी बाळूची आईच होती. तिचं कागदावरचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वांगणीत ती भेटली. अंगाने बारीक, शांत. नाव तेच, आडनाव तेच. जन्मतारीख एक जून, हेडमास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. नर्सचीही एक जूनच, सालसुद्धा तेच. एजंटाने घाईत नवऱ्याचं नाव गाळलं होतं. रिपोर्ट काढणाऱ्या मशीनने दोन बायकांची एक बाई केली, त्यात नवल काय?

"फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली," ती म्हणाली. "मला वाटलं, गाडी गेली म्हणजे कर्जही गेलं."

मी तिच्याकडे आरोपी शोधायला गेलो होतो. परत आलो तो रिकाम्या हाताने.

नर्सला मी रिपोर्टची प्रत मागवायला लावली. चुकीची नोंद दाखवून लेखी हरकत, सोबत शाळेचा दाखला, पॅन कार्डाची प्रत आणि एजंटाचा जबाब, असं बँकेला, फायनान्स कंपनीला आणि रिपोर्ट काढणाऱ्या संस्थेला रजिस्टर पोस्टाने धाडलं. पोचपावत्या जपून ठेवायला सांगितल्या. उत्तराला वेळ लागला, पण नोंद निघाली. बाळूच्या आईलाही एजंटाने माझ्यासमोर कंपनीत नेलं. तडजोड करून बाकी मिटवता येते आणि मिटल्याचं पत्र मागून घ्यायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

नवरा ठाण्यात आला आणि माझ्यादेखत बायकोला म्हणाला, "चुकलो मी." रुमालाने डोळे पुसून तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

त्या केसने मला एक शिकवलं. प्रत्येक तक्रारीच्या शेवटी चोर सापडायलाच हवा, हा आम्हा पोलिसांचा हट्ट आहे. कागदाची झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली हे तिच्यावर लिहा, आणि आपल्याबद्दल कुठे काय लिहिलंय ते अधूनमधून मागवून वाचा, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

वर्षभराने त्यांनी बदलापूरच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. बाळूची आईही आली होती, आणि सगळे तिला नावाने हाक मारत होते. जिन्याखाली नर्सने मला स्वतःच्या नावाचा मीटर दाखवला. मी अभिनंदन केलं. ती हसली आणि तिने मीटरच्या पेटीचं झाकण लावलं.

"आता फ्यूज गेला तर एकट्या आमच्याच घरात अंधार होतो, साहेब," ती म्हणाली. "दारात कोणी येत नाही."