काचेच्या अलीकडे पळणारा गडी

"ह्यो गडी भाईर आला बग! काचंच्या अलीकडं पळतोय!" आप्पा ओरडले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून माझे वडील वेल्ह्याच्या डोंगरातलं घर सोडून किकवीला माझ्याकडे राहिले होते. भेटायला आलेला माझा मोठा भाऊ, आप्पा आणि मी टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत होतो. दादाने माझ्याकडे बघून डोक्यापाशी बोट फिरवलं. मला अस्सा राग आला!

दादाला तसं वाटायलाही कारण होतं म्हणा. मध्यंतरी जरा बरं वाटल्यावर आप्पा हट्टाने वर डोंगरातल्या घरी जाऊन आले होते. शेळी भाताच्या खाचरात उतरायला लागली की आमच्याकडे तिच्या अलीकडे दगड टाकतात. ती दचकून वर वळते. आप्पांचा दगड उभ्या जन्मात शेळीला लागला नव्हता. त्या दिवशी तो थेट पायावर बसला आणि शेळी लंगडी झाली. तेव्हापासून आप्पा जेवायचे, झोपायचे, पण फारसं बोलायचे नाहीत.

"वय झालं त्यांचं. शेरडं इकून टाकू," दादा म्हणत होता. शेरडं गेली तर आप्पा कशासाठी उठतील रोज?

"आप्पा, कुठला गडी भाईर येतो?" मी विचारलं.

"डावीकडं पळणारा. उजवीकडं पळाला की आत जातोय."

भ्रमिष्ट माणूस इतकं शिस्तीत बोलतो होय? त्यांचा उजवा डोळा नवा झालेला, डाव्यात मोतीबिंदू तसाच. दुसऱ्या ऑपरेशनचं नावही ते काढू देत नव्हते. त्यांना दिसतं तसं दिसावं म्हणून मी त्यांचा ऑपरेशननंतरचा काळा चष्मा घेऊन फक्त माझ्या डाव्या डोळ्यापुढे धरला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले. चेंडूमागे एकजण डावीकडे धावला, कॅमेरा त्याच्याबरोबर फिरला, आणि अगं बाई! मागची गर्दी मागेच राहिली आणि तो खेळाडू आमच्या खोलीत आला.

मी चष्मा दादाच्या हातात कोंबला. त्यानेही तो तसाच धरला आणि एक खेळाडू डावीकडे धावताच पसरलेले पाय आवरून घेतले.

दादा आणि मी आप्पांना घेऊन भोरच्या डॉक्टरांकडे गेलो. हे ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. अंधारलेल्या डोळ्याचं चित्र मेंदूला किंचित उशिरा पोचतं, म्हणून आडवी पळणारी वस्तू आहे त्याहून जवळ किंवा लांब भासते, ते म्हणाले. टीव्हीतच नाही, बाहेरही. दुसरा डोळा केला की हे बहुतेक जाईल.

"ती शेळी उजवीकडं पळत हुती," आप्पा म्हणाले. "मला लांब दिसली. हुती अलीकडंच, म्हून दगड लागला." माझे डोळे भरून आले.

"मंग मॅचमधलं बी जाणार?" त्यांनी विचारलं.

"जाणार," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ द्या. करून टाका दुसरा." मग ते दादाकडे वळले. "तवर शेरडं इकू नगंस, यवडंच."

बापाने लेकाला असं विनवावं! दादाने मान खाली घातली. "न्हाई इकत, आप्पा," तो म्हणाला आणि त्यांना उठवायला त्याने हात पुढे केला.