शेवटच्या ओळीतलं नाव

चि. ओजस आणि चि. मीरा,

गेल्या रविवारी फोनवर ओजसनं विचारलं, "आजी, त्या संगणकाच्या मदतीच्या पानाखाली तुझं नाव कसं काय? तू तर टीव्हीचा रिमोटसुद्धा आजोबांकडे देतेस." मी हसले आणि विषय बदलला. तसं करायला नको होतं. त्या जागी आधी दुसऱ्या माणसाचं नाव होतं आणि ते मी माझ्या हातानं काढलं. तो माणूस तुम्हाला माहीत असायला हवा, म्हणून हे लिहिते आहे. सावकाश वाचा, पण बाबांकडून वाचून घेऊ नका.

युसुफ तांबोळी पुण्याजवळ मांजरी गावात, आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायचे. जन्म आणि बालपण नारायण पेठेतलं. नोकरी पंपांच्या कारखान्यात. पंपाबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, ती लिहिण्याची. निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर ते इकडे आले.

आमची पहिली भेट जिन्यात झाली. लिफ्ट दुरुस्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण दारावरची 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी काढायची राहून गेली होती. पाटीकडे न बघता सगळे लिफ्टनं ये-जा करत होते. हे गृहस्थ मात्र हातात दुधाची पिशवी घेऊन धापा टाकत जिना चढत होते.

"अहो, लिफ्ट चालू आहे," मी म्हटलं.

"पाटी म्हणते बंद आहे."

"पाटी जुनी आहे."

"जुनी आहे असं तिच्यावर कुठं लिहिलंय?"

संध्याकाळी सेक्रेटरींनी वैतागून पाटी उपटली. दुसऱ्या दिवशी तांबोळी लिफ्टमध्ये भेटले आणि मला म्हणाले, "बघा, आजपासून लिफ्ट सुरू झाली." चेहऱ्यावर हसू नाही. हा माणूस चक्रम आहे असं सेक्रेटरींचं मत पडलं. माझंही थोडंसं तेच पडलं होतं.

ओळख वाढल्यावर कळलं की ते दिवसभर लॅपटॉपवर काय करतात. संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तशी एक प्रणाली जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि कुणालाही फुकट देतात. तिच्यात कोणीही बदल सुचवू शकतो. दर थोड्या महिन्यांनी नवी आवृत्ती येते, बटणांची नावं बदलतात, जागा बदलतात. बदल करायला सगळे उत्साही असतात, पण तो मदतीच्या पानावर लिहायला कुणी बसत नाही. मराठीतली ही पानं तांबोळी सांभाळत. चुकीच्या पानाचा त्यांना फारसा राग नव्हता. "चुकलेल्या पानावर कुणीतरी भांडतं तरी," ते म्हणत, "शिळं पान गोड बोलून माणसाला विहिरीपर्यंत नेऊन सोडतं."

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, म्हणून पानं तपासायला त्यांनी मला बोलावलं असावं असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांना संगणकातलं काही न कळणारी व्यक्ती हवी होती. तुमच्या बाबांचा इथं राहिलेला जुना लॅपटॉप मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर उघडायची आणि पान वाचून सांगितलं तेवढंच करायची. ते शेजारी हाताची घडी घालून बसत.

"ताई, शहाणपणा करू नका. पानात नाही ते तुम्ही का दाबलंत?"

"समोर दिसलं म्हणून."

"मग पानात 'समोर दिसेल ते दाबा' असं लिहू का?"

एका पानावर मीच मोठ्या हौशीनं 'योग्य पर्याय निवडा' असं लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "योग्य कोणता हे माहीत असतं तर तो बिचारा पान वाचायला कशाला आला असता?" 'लवकरच' या शब्दालाही त्यांच्याकडे बंदी होती. "पुण्यात 'लवकरच' म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. बाहेरगावचे लोक खरं मानतात."

प्रत्येक पानाखाली एक ओळ असे: हे पान अमुक यांनी पडताळलं आहे, अडलं तर त्यांना लिहा. बहुतेक पानांखाली त्यांचंच नाव होतं. काही पानांखाली वर्ध्याच्या पूजाचं. हिंजवडीत नोकरी करणारी, कामाला फार चांगली मुलगी. पुढं नोकरीत गुंतली आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देईनाशी झाली. उत्तरं देणं जमेल का, असं तांबोळींनी तिला एकदा विचारलं आणि पानांखालचं तिचं नाव काढून टाकलं. मला ते लागलं.

"अहो, किती केलंय तिनं. निदान आभार म्हणून तरी राहू द्या."

"आभार दुसरीकडे मानू. ही ओळ आभारांची नाही, अडलेल्या माणसाची आहे. जो उत्तर देणार नाही त्याचं नाव तिथं ठेवणं म्हणजे खोटं बोलणं." मग जरा नरमून म्हणाले, "पानात कुणी काय लिहिलं, हा जुना इतिहास सगळा साठवलेला असतो. तिथून तिचं नाव मलाही काढता येणार नाही. काळजी करू नका."

गेल्या वर्षी ते गेले. हृदयाचा त्रास होता, तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. पानं बदलण्याचा अधिकार त्यांनी मला आधीच देऊन ठेवला होता. पुढची आवृत्ती आली तेव्हा मी एकेक पान घेऊन बसले. त्यांनी शिकवलं तसं आधी करून पाहायचं आणि मग लिहायचं. सगळं बदललं. शेवटच्या ओळीशी आले की पान मिटायची. नाव तिथं असेपर्यंत ते वरच्या मजल्यावर आहेत असं वाटायचं. त्यांच्या मेलवर लोक लिहीत असतील, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी तो विचार करत नव्हते.

मग एक दिवस या प्रणालीच्या चर्चेच्या पानावर लोणी काळभोरच्या शाळेतल्या शिंदे बाईंनी लिहिलेलं वाचलं. 'तांबोळी सरांना पुष्कळदा लिहिलं. ते नेहमी उत्तर देतात. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असल्यास सरांनी माफ करावं.'

मी त्यांचा नंबर मागवून फोन केला.

"म्याडम, सर बोलायचे कडक, पण उत्तर द्यायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं आसंल."

"अडचण काय होती?"

"नवी आवृत्ती टाकल्यावर संगणकावर मराठी उमटंना. मुलांनी शाळेच्या अंकासाठी गोष्टी लिहायला घेतलेल्या. सरांची वाट बघितली बघितली, आणि मग हायवेवरच्या दुकानातला माणूस आणला. त्यानं सगळं पुसून दुसरंच कायतरी बसवून दिलं."

"आणि गोष्टी?"

"गेल्या की."

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं होतं. एक खूण कुठं करायची एवढंच सांगायचं होतं आणि ते मलाही येत होतं. मी सर गेल्याचं सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, "पण पानावर तर अजून नाव हाय त्यांचं."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती लगेच दिली, त्यामुळे मला बरं वाटलं नाही. पुढं एकदा मी रिक्षा करून त्यांच्या शाळेत गेले, संगणक पुन्हा नीट करून दिले. मुलं काही गोष्टी परत लिहीत होती. एक मुलगी मला म्हणाली की आता तिला शेवट आठवत नाही.

फोन ठेवल्यावर त्याच दुपारी मी एकेका पानाखालचं त्यांचं नाव काढलं आणि माझं घातलं. बदल करताना तो का केला हे एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, 'तांबोळी आता उत्तर देऊ शकत नाहीत.' ते असते तर म्हणाले असते, "ताई, 'आता' कशाला? मग पुढं देणार आहेत का?" मी 'आता' खोडलं. मग बटण दाबलं.

उशीर केला याची टोचणी एक आहे आणि नाव काढलं याची वेगळी आहे. दुसरीला काही अर्थ नाही हे मला समजतं, नियम त्यांचाच होता. तरी जिन्यात त्यांच्या मजल्याकडे बघायला धीर होत नाही. पहिलीला अर्थ आहे. म्हणून आता रोज सकाळी चहाच्या आधी आलेले प्रश्न बघते आणि उत्तर येत नसेल तर येत नाही असं तरी लगेच कळवते.

ओजस, तू पाहिलंस त्या पानावर त्यांनी लिहिलेलं फार थोडं उरलं आहे. बटणं बदलली तशी वाक्यंही बदलावी लागली. पानाच्या इतिहासात त्यांचं नाव आहे, तिथून ते कुणाला काढता येणार नाही. आणि पानावरची अगदी पहिली ओळ त्यांचीच आहे, कारण ती अजून खरी आहे: 'घाई असेल तर हे आज करू नका.'