फिरवून न पाहिलेली लेव्हल

चौथ्या दिवशी सकाळीही लेव्हलमधला बुडबुडा दोन घरं पुढं, दरवाजाकडं सरकलेला होता.

मी मशीनच्या बेडवर छाती टेकून, एक डोळा मिटून त्याच्याकडं पाहत होतो. मागं मालक भानुदासराव उभे होते. पाचोडकडची मोठी शेती भावावर सोपवून त्यांनी वाळूजला ही मशीन शॉप टाकली होती, आणि मी तिथला इंजिनिअर होतो.

"काय म्हणतं?"

"मागची बाजू अजून खाली गेली."

"काल गेली होती की."

"कालही गेली. आज परत गेली."

"अन् अशी कुठवर जाणार?"

"पाणी लागेपर्यंत," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

मशीन होतं हॉरिझॉन्टल बोअरिंगचं. लोखंडाच्या भल्यामोठ्या कास्टिंगला आरपार, नेमक्या मापाचं भोक पाडायचं आणि ते आतून गुळगुळीत करायचं, हे त्याचं काम. आकार म्हणाल तर या टोकाला चहा घेऊन निघालेला माणूस त्या टोकाला पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी होत असे. ट्रेलरवरून ते आलं तेव्हा नगर नाक्यावर एवढी गर्दी जमली, की दोन फुगेवाल्यांनी आणि एका कुल्फीवाल्यानं तिथंच दुकान मांडलं. तेव्हाच्या औरंगाबादेत एवढं धूड दुसऱ्या कोणाकडं नव्हतं. निदान भानुदासराव सगळ्यांना तसं सांगत, आणि मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

असं मशीन नुसत्या फरशीवर ठेवत नाहीत. खाली खोल खड्डा घेऊन काँक्रीटचा ठोकळा भरतात, ते फाउंडेशन. त्यावर बेड, म्हणजे मशीनचा लोखंडी तळ, ठेवायचा आणि खालचे स्क्रू कमीजास्त करून तो अगदी सपाट करायचा. सपाट झाला की नाही ते लेव्हल सांगते. गवंड्याकडं असते तीच, पण आमची प्रिसिजन लेव्हल म्हणजे नाजूक नवरी. मीटरभर लांबीत केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा चढउतार असला तरी तिच्यातला बुडबुडा उंच बाजूकडं एक घर सरकतो. माझी लेव्हल परदेशी होती. तिचं सर्टिफिकेट मी घरी देवघराशेजारी फ्रेम करून लावलं होतं. बायको त्याला रोज फडकं मारायची.

खंडेनवमीला शॉपमध्ये सगळ्या हत्यारांची पूजा झाली. दसऱ्याची सुट्टी संपली आणि मी लेव्हलिंगला हात घातला. पहिल्या संध्याकाळी बुडबुडा बरोबर मध्यावर आणून, मिशीला पीळ देऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तो दोन घरं सरकलेला. मागचे स्क्रू वर घेतले, पुन्हा मध्यावर आणला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. आता यावरून कोणीही शहाणा माणूस काय म्हणेल? फाउंडेशन खचतंय. मी तर स्वतःला दोन शहाण्यांएवढा धरत होतो.

वेळ मात्र मुळीच नव्हता. पुण्याच्या एका कंपनीची माणसं बारा दिवसांनी चालू मशीन पाहायला येणार होती. साखर कारखान्याच्या मोठ्या गिअरबॉक्सच्या बॉड्या ते या शॉपला देणार होते. मशीन चालू दिसलं नाही तर काम पुण्यातच दुसऱ्या शॉपला जाणार होतं. भानुदासरावांनी हे धूड त्या कामाच्या भरवशावर आणलं होतं, आणि धूड आणायची मसलत माझी.

फाउंडेशन भरलं होतं सखाराम मिस्त्रीनं. खुलताबादकडचा धनगर. भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरायचे, हा एकटाच काँक्रीटच्या कामात उतरलेला. भानुदासरावांच्या पुढच्या दोन शेडही तोच बांधणार, असं बोलणं झालेलं. त्याला बोलावलं.

"मिस्त्री, खाली काय भरलंस? सिमेंट की राख?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"सायेब, काळ्या मातीखाली मुरूम लागस्तोवर खांदलं. तुमीच वरून पायलं की."

"मग खचतंय कसं?"

"खचत नाय ते."

"माझी लेव्हल खोटं बोलते?"

"ते मला नाय ठाव. पन माझं काम खचत नाय."

खालच्या मातीचा इतिहास काढावा म्हणून मी म्हाताऱ्या वॉचमनला गाठलं. "काय हो बाबा, या प्लॉटवर पूर्वी विहीर होती का?"

तो चाचरला. साहेबाला नाही कसं म्हणायचं? "असंल," म्हणाला.

"मागच्या बाजूला?"

"तिकडंच असंल मग."

झालं. दुपारपर्यंत त्या विहिरीला मी कठडा आणि पायऱ्या बांधल्या आणि आत दोन मोटा सोडल्या. भानुदासरावांना सांगताना मला तिचं हिरवं पाणीसुद्धा दिसत होतं. संध्याकाळी रिपोर्ट लिहिला: फाउंडेशन मागच्या बाजूनं खचलं आहे, सखाराम मिस्त्रीचं काम निकृष्ट, मागचा भाग फोडून पाहावा. खाली सही ठोकली.

भानुदासरावांनी तो कागद दोनदा वाचला. "फोडलं तर पुन्हा भरून पक्कं व्हायला महिना," ते म्हणाले. "म्हणजे पुण्याचे लोक येऊन जातील."

"नाही फोडलं तर कायमचं वाकडं राहील."

"नक्की ना?"

"शंभर टक्के."

त्यांनी सखारामला शेडचं काम थांबवायला सांगितलं. डोक्याचं मुंडासं काढून त्यानं पुन्हा बांधलं, एवढंच.

पाचव्या दिवशी क्रेननं बेडचा मागचा तुकडा उचलून बाजूला ठेवला आणि काँक्रीट फोडायचे दोन ब्रेकर लावले. त्या काँक्रीटनं त्यांची अशी जिरवली की तासाभरात तीन छिन्न्या बोथट झाल्या आणि ब्रेकरवाला माझ्याकडं पाहून शिव्या पुटपुटू लागला. जेवणापर्यंत हातभर खोल गेलो. आत निळसर, घट्ट, घंटेसारखं वाजणारं काँक्रीट. दिवस मावळायच्या आत तळाचा मुरूम लागला. कोरडा ठणठणीत. विहीर तर नाहीच, साधी ओलही नाही.

सखाराम सकाळपासून भिंतीशी उभा होता. आपण भरलेलं फुटताना पाहत होता. घरच्या माणसाचं ऑपरेशन चालल्यासारखा त्याचा चेहरा होता.

"सायेब," तो म्हणाला, "तुमची ती लेव्हल जरा ठिवा की इथं." बेडचा पुढचा भाग अजून जागेवरच होता.

मी ठेवली. सकाळीच जुळवलेला बुडबुडा मध्यावर आला.

"आता फिरवा."

"म्हणजे?"

"ह्ये तोंड तिकडं, त्ये तोंड इकडं. आमी भिताडावर लेव्हल ठिवली की फिरवून बगतो. एका तोंडानं सांगितलेलं धरीत नाय."

"मिस्त्री, हिला सर्टिफिकेट आहे."

"असू द्या की. फिरवल्यानं काय ते फाटतंय?"

ब्रेकरवाला हसला. मी रागानंच लेव्हल उचलली आणि उलट्या तोंडानं ठेवली. बुडबुडा निघाला तो चार घरं गेला. पृष्ठभाग तोच, लेव्हल तीच. खरी असती तर फिरवल्यावरही तिनं तेच सांगितलं असतं.

मी ती उचलून पालथी केली. बुडाच्या एका टोकाला तांबूस डाग होता. नखानं खरवडला. हळदकुंकू.

मग सगळं आठवलं. खंडेनवमीला भानुदासरावांच्या आई हळदकुंकवाची वाटी घेऊन हत्यारांना बोटं लावत आल्या. लेव्हलवर बोट टेकणार, तेवढ्यात मी म्हणालो, "माई, काचेला नको, नाजूक आहे," आणि मोठ्या हुशारीनं ती उलटी करून बूड पुढं केलं. माईंनी ठसठशीत बोट ओढलं. पूजा उचलल्यावर मी ते अंगठ्यानं पुसलं. बरंचसं गेलं. राहिलं ते वाळून चिकटून बसलं. माझी सवय अशी की कंपनीचं नाव माझ्याकडून सुलट वाचता यावं म्हणून मी लेव्हल नेहमी एकाच दिशेनं ठेवायचो. त्यामुळं कुंकू कायम मागच्या बाजूला यायचं. रोज संध्याकाळी लेव्हल न बघताच फडक्यानं पुसून पेटीत ठेवायचो, त्यात कुंकू थोडंथोडं झिजायचं, आणि दुसऱ्या दिवशी बुडबुडा सरकलेला दिसायचा. कुंकू झिजत होतं आणि मी त्याला फाउंडेशन म्हणत होतो.

सखारामनं वाकून तो डाग पाहिला.

"शेटला तुमी सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो."

सांगितलं. भानुदासरावांनी फोडलेल्या खड्ड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आईला यातलं काही कळू देऊ नका," एवढंच म्हणाले. "ती जेवायची नाही."

पुण्याची माणसं ठरल्या दिवशी आली. खड्डा पाहिला, चहा घेतला, गेली. काम त्यांच्याबरोबर गेलं. खड्डा सखारामनंच पुन्हा भरला, पहिल्यासारखाच. मशीन चालू झालं तेव्हा मशीनला द्यायला काम नव्हतं. पहिला महिना त्यानं गावच्या ट्रॅक्टरांच्या किरकोळ दुरुस्तीवर काढला. ऐरावताला कोथिंबीर निवडायला बसवल्यासारखं दिसायचं. त्या दोन शेड कधी झाल्याच नाहीत. बांधायचं कारणच उरलं नव्हतं. सखाराम पुढं जालन्याकडं गेल्याचं कानावर आलं.

दुसरा रिपोर्ट मी लिहिला, पण त्यात 'इन्स्ट्रुमेंट एरर' असे दोनच शब्द टाकले. इन्स्ट्रुमेंटला तोंड नसतं, ते भांडायला येत नाही. सखारामचं नाव पहिल्या रिपोर्टात होतं, दुसऱ्यात नव्हतं. पहिल्यात 'काम निकृष्ट' लिहिलं होतं, ते मी खोडलं नाही. त्यानं फाइल मागितली असती तर खोडलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

मशीन अजून तिथंच आहे आणि फाउंडेशन तसूभर हललेलं नाही. मी नंतर पुष्कळदा जाऊन पाहिलं, लेव्हल दोन्ही तोंडांनी ठेवून. नव्या पोरांना शिकवताना मी एवढंच सांगायचो, की लेव्हल ठेवली की आधी फिरवा, मग बोला. हे कोणाकडून शिकलो ते मात्र सांगत नसे. पोरांना वाटायचं, जर्मनीत शिकलो असेन.