पालकाशिवाय काही न येणारं शेत

माझा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडं दीड एकरात भाजीपाला करतो. आम्ही कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरातलेच. घरात मराठी बोलतो, पण पालेभाजीला सोप्पू म्हणतो. मी बनशंकरीत एकटी राहते. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत असल्यामुळं शनिवारी काम सुटलं की परस्पर अण्णाकडं जायची सवय लागली, ती आजतागायत आहे.

आधी अण्णा शेताजवळच्या तळ्याचं पाणी घ्यायचा. वरच्या अंगाला इमारती उठत गेल्या तसं ते काळं पडलं, मग त्यावर साबणाचा फेस तरंगायला लागला. तरी पीक जोमानं यायचं, खत फारसं घालावंच लागत नसे. पण वहिनीच्या हातांना खाज सुटून फोड यायला लागले. एकदा मी घरी न्यायला कोथिंबिरीची जुडी मागितली तर ती म्हणाली, तुला नको, ही बाजारात पाठवायची आहे. ते ऐकून अण्णा भरल्या ताटावरून उठला. त्याच आठवड्यात त्यानं तळ्यावरची मोटर उचलून आणली आणि शेतात बोअर मारून घेतली.

बोअरचं पाणी फार खोल लागलं. दिसायला स्वच्छ, चवीला मचूळ. पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. मग घेवड्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. शेवंती कळ्या न धरताच वाळली. कोथिंबीर कुठं उगवली, कुठं नाहीच. तळ्याच्या पाण्यातून मिळायचं ते आता मिळत नाही म्हणून अण्णा युरिया टाकायचा. चार दिवस शेत हिरवं दिसायचं, पुन्हा मलूल व्हायचं, की तो आणखी टाकायचा. सकाळी वाफ्यांवर चाळणीनं पीठ चाळल्यासारखा पांढरा थर दिसायचा. पाणी सोडलं की ते वरच साचून राहायचं आणि खाली उकरलं तर माती विटेसारखी कोरडी. सगळं करून पाहिल्यावर तिथं एकच गोष्ट धड येते हे कळलं, पालक. मग दीड एकर पालकच. आमटीत पालक, पराठ्यात पालक, आणि माझ्या पिशवीतही दर आठवड्याला पालक.

शेवटी मी रजा टाकून अण्णाला माती तपासायला सरकारी कृषी केंद्रात घेऊन गेले. तिथले अधिकारी सज्जन होते. त्यांनी कन्नडमधून समजावलं की पाण्यातला सोडियम मातीत साठलाय, त्यानं मातीचे कण सुटे होऊन तिची भोकं बुजलीत. अशा मातीला कन्नडमध्ये सवळु म्हणतात, मराठीत चोपण. जिप्सम टाका, ते म्हणाले, आणि मग दोनतीनदा गोड्या पाण्यानं शेत भरून ते पाणी चरातून बाहेर काढा, म्हणजे क्षार धुऊन जातील.

अण्णानं तपासणीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "गोडं पाणी असतं तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो, सर?" असं तो अगदी शांतपणे म्हणाला. पावसाची वाट बघा, एवढंच अधिकाऱ्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवताना सांगितलं.

त्यानंतर वहिनीनं हट्टानं अण्णाला माझ्या घरी आणलं. महिनाभर राहून बघू, जमलं तर शेत बंद, असं तिच्या मनात होतं. वहिनी शेजारणींबरोबर देवळात जायची, खुशीत असायची. अण्णा बाल्कनीत उभा राहून माझ्या कुंड्यांमधली माती बोटानं दाबायचा आणि जेवायला हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही. आठवडा संपायच्या आत तो एकटाच बस पकडून परत गेला. वहिनी त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून राहिली. मी तिला म्हटलं, तू राहा इथं, त्याला करू दे काय करायचं ते.

"त्यांना ती जमीन सोडत नाही आणि मला ते सोडत नाहीत," ती म्हणाली. "मी कुठं राहू, सांग."

दुसऱ्या दिवशी मीच तिला पोचवून आले. उड्डाणपुलावर बस अडकली होती, आम्ही दोघी खिडकीतून पुढच्या गाड्या बघत बसलो, आणि मला पहिल्यांदा वाटलं की तिला परत नेऊन सोडणारी मीच आहे.

पुढं एक माणूस लॉऱ्या उभ्या करायला जागा मागत आला. वहिनी लगेच तयार झाली. अण्णा नाही म्हणाला. एकदा मुरूम टाकून रोलर फिरवला की ती माती पुन्हा माती होणार नाही, हे त्याचं कारण. दोघं कितीतरी दिवस माझ्यामार्फतच बोलत होते. अखेर रस्त्याकडची निम्मी जमीन लॉऱ्यांना गेली. मागच्या थोड्या तुकड्यात घरापुरता पालक ठेवून उरलेल्यात त्यानं बोअरचं पाणी बंद केलं, जिप्सम पसरलं, बांध घातले आणि पाऊस अडवला. आठवडाभर ते शेत नुसतं डबकं होतं. मग चरातून पाणी काढून त्यानं हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला, फुलायच्या आधी मातीत गाडायला. तो कडेनं उगवला, मधे टक्कलच राहिलं. असं त्यानं दोन पावसाळे केलं. आता शेतात जायचं तर लॉऱ्यांच्या मधून अंग चोरून जावं लागतं.

गेल्या शनिवारी अण्णानं मला तिथं नेलं. कोपऱ्यातल्या वाफ्यात त्यानं खुरप्यानं उकरलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, आणि वीतभर खालीही माती ओली होती. मी हात घातला. ढेकूळ बोटांत सहज फुटलं. दहा पावलांवर मात्र तशीच वीट.

"वहिनीला एवढ्यात सांगू नकोस," अण्णा म्हणाला.

मला कारण विचारावं लागलं नाही. माती सुधारणार नसेल तर कधीतरी इथून सुटता येईल, एवढ्या एका आशेवर ती दिवस काढत होती.

घरी आलो तर वहिनी उंबऱ्यात बसून पालक निवडत होती. तिनं माझ्या नखांतली माती पाहिली आणि विचारलं, "उतरलं का पाणी खाली?"

मला खोटं बोलता आलं नाही. कोपऱ्यात उतरलंय, मी म्हटलं, स्वल्प.

"सरी, बरं," ती म्हणाली. मग तिनं थोडा पालक माझ्याकडं सरकवला आणि मी तिच्याशेजारी बसून देठं मोडायला लागले.