सुनीतीबाईंचं मध्यंतर

कोथरूडच्या श्यामसुंदर आगाशांनी गेल्या काही वर्षांत पुण्यात आलेली झाडून सगळी नवी नाटकं पाहिली होती, पण त्यातल्या एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. बँकेतले जुने सहकारी चिडवायचे, "काय आगाशे, निवृत्तांना अर्धंच नाटक दाखवतात वाटतं?" श्यामसुंदर हसून सोडून द्यायचे. तिकिटं ते रीतसर दोन काढायचे, वेळेवर जाऊन बसायचे आणि मध्यंतर झालं की बायकोची व्हीलचेअर वळवून बाजूच्या उतारावरून थेट गाडीपाशी यायचे.

बायको म्हणजे सुनीती. हे प्रकरण साधं नव्हतं. एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ती जन्मभर नकाशे काढायची. इमारतीची दर्शनी बाजू काढायची म्हटलं की तिथे सगळ्यांच्या उड्या पडत, आणि संडास-बाथरूमचे तपशील काढायचे म्हटलं की त्याच सगळ्यांना चहाची तल्लफ येई. ती कामं सुनीतीकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. तिनेही ती मन लावून केली. कात्रजपासून येरवड्यापर्यंत कितीतरी सोसायट्यांच्या मोऱ्या तिच्या हातून गेल्या. लग्नाकार्यात कुणी अगत्याने विचारलं, "आपण काय करता?" की ती सांगायची, "संडास काढते." पुढचा प्रश्न सहसा येत नसे.

मग एका सकाळी ऑफिसला जाताना स्कूटर घसरली आणि कमरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटलातून घरी आली त्या दिवशी कळलं, की तिची खुर्ची घरच्या बाथरूमच्या दारातून आत जात नाही. ही सोसायटीही तिच्याच ऑफिसची. ती त्या दाराकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, कुठल्या शहाण्याने काढलंय हो हे दार?" स्वतःच हसली, मग रडली. श्यामसुंदरांनी आठवड्याच्या आत भिंत फोडून दार रुंद करून घेतलं.

घरचा प्रश्न सुटला, बाहेरचा सुटेना. दर दोन-तीन तासांनी जायलाच हवं, ताणून धरायचं नाही, असं डॉक्टरांनी दम देऊन सांगितलं होतं. पाणी कमी पिऊन पाहिलं, तर तापाने अंथरूण धरलं. मग सुनीतीने हिशोब सोपा केला. नाटकाचा पहिला अंक आपला, दुसरा लोकांचा.

पेठेतलं मयूर नाट्यमंदिर दोघांच्या आवडीचं. तिथे अपंगांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं असं नाही. दारावर निळी पाटी होती, पाटीवर खुर्चीचं चित्र होतं. आत खराटे, फिनेलचे कॅन, जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे आणि कुठल्याशा ऐतिहासिक नाटकातलं मोडकं सिंहासन. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा सुनीती सिंहासनाकडे बघून म्हणाली, "बसायची सोय आहे की!" सगळं सामान हलवलं असतं तरी उपयोग नव्हता. दार आत उघडायचं. खुर्ची आत घेतली की दार लागत नसे, आणि दार लावायचं तर खुर्ची बाहेर.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघं दुसरा अंक रचायचे. श्यामसुंदरांच्या शेवटात सगळ्यांची लग्नं व्हायची. सुनीतीच्या शेवटात निदान एक जण तरी घर सोडून जायचा. कोथरूड येईपर्यंत भांडण रंगायचं. खरा शेवट श्यामसुंदरांनी कधी कुणाला विचारला नाही. वर्तमानपत्रातलं परीक्षणसुद्धा ते अर्ध्यावर सोडत. "तुम्ही थांबा, मी कशी तरी जाईन," असं सुनीतीने किती वेळा म्हणून पाहिलं. "मला मध्यंतरातला बटाटेवडा सोसत नाही," एवढंच त्यांचं उत्तर.

एकदा मात्र घोळ झाला. नाटक फार चांगलं होतं. घरातली मुलगी एकटी आहे, दारावर थाप पडते, ती कडीला हात घालते आणि पडदा पडतो. त्या दिवशी गाडीत श्यामसुंदरांना काही रचता येईना. "आज सुचत नाही बुवा," ते म्हणाले आणि सिग्नलला उभे असताना त्यांनी आरशातून मागे पाहिलं. नाट्यमंदिर केव्हाच दिसेनासं झालं होतं. सुनीतीने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक हिंमतरावांना फोन लावला.

हिंमतराव माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही नव्या गोष्टीला आधी 'नाही' म्हणायची त्यांची सवय होती. "बाई, व्हीलचेअरवाले आमच्याकडे येतातच किती?"

"येऊन जाणार कुठे? म्हणून येत नाहीत," सुनीती म्हणाली. "नकाशा मी फुकट काढते. तुम्ही फक्त ते सिंहासन हलवा."

हिंमतरावांनी विश्वस्तांच्या कानावर घालतो म्हणून सांगितलं, आणि सुनीती रोज सकाळी फोन करून विश्वस्तांच्या कानांची चौकशी करू लागली. शेवटी वैतागून असेल किंवा पटून, मंजुरी आली. सुनीतीने जुनं ड्रॉइंगचं टेबल बाहेर काढलं. श्यामसुंदरांनी चहा नेऊन ठेवावा आणि तो तसाच गार व्हावा, असे दिवस परत आले. ते मुद्दाम दुसरा कप घेऊन जायचे, तिला काम करताना बघायला.

नकाशा झाल्यावर ती म्हणाली, कागदावर सगळंच बसतं, प्रत्यक्षात फिरून पाहायला हवं. एवढी मोकळी जमीन होती कुठे, तर मयूरच्या रंगमंचावर. एका रिकाम्या दुपारी चार धट्टेकट्टे कामगार तिला उचलून वर न्यायला निघाले. तिने ठाम नकार दिला. सेटचं सामान चढवायची मागच्या बाजूची फळी लावून घेतली आणि ती खुर्चीवरूनच वर गेली. श्यामसुंदरांनी तिने सांगितलं तशा खडूने रेघा मारल्या. इथे भिंत, इथे कमोडचं भांडं, इथे भिंतीतला दांडा, इथे वर दुमडणारा दांडा, इथे खाली घेतलेलं बेसिन. पडलेल्या माणसाच्याही हाताला येईल अशी घंटेची दोरी. बाहेर उघडणारं दार. मग सुनीतीने खुर्ची त्या खडूच्या दारातून आत घेतली, गर्रकन पूर्ण वळवली, भांड्याशेजारी लावली, परत फिरवली आणि बाहेर आली. रिकाम्या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या हिंमतरावांनी नकळत टाळी वाजवली. श्यामसुंदरांनी खडूचे हात विजारीला पुसले. आपल्या बायकोची ही तालीम बघायला बँकेतली ती सगळी चिडवणारी मंडळी इथे हवी होती, असं त्यांना फार वाटलं.

बापूराव गवंडी कामाला लागले. तोवर त्या कडीवाल्या नाटकाची जाहिरात आली. मयूरमध्ये रविवारी दुपारी साडेबाराला, शेवटचा प्रयोग. श्यामसुंदरांनी दोन तिकिटं काढून ठेवली. रविवारपर्यंत काम झालं तर ठीक, नाही तर ती मुलगी कडीला हात घालून जन्मभर तशीच उभी राहणार.

शुक्रवारी बापूरावांनी निरोप पाठवला, काम झालं, बघून घ्या. फरशी सुरेख बसली होती, दांडे भक्कम होते, आरसा बसल्या माणसाला दिसेल असा कलता होता. सुनीतीने खुर्ची पुढे घेतली. पुढची चाकं दारात ठक्क आवाज करून थांबली. दारात काळ्या ग्रॅनाइटचा उंबरा होता. दोनच बोटांचा, गुळगुळीत, कडा घासून गोल केलेला.

"हा कुणी घातला?" हिंमतराव खेकसले.

बापूराव गोंधळले. त्यांनी खिशातून घडी केलेलं ड्रॉइंग काढलं. "म्याडमच्या नकाशात हाय की. ही बगा रेघ. आन् उंबरा नसला तर मोरीचं पानी भाईर येतंय, म्हनून मी बी म्हनलं बरोबर हाय."

सुनीतीने कागद हातात घेतला. रेघ तिचीच होती. जन्मभर प्रत्येक मोरीच्या दारात तिच्या हाताने ती रेघ मारली होती, आणि स्वतः खुर्चीत बसून स्वतःसाठी काढलेल्या नकाशातही हाताने ती मारूनच टाकली. रंगमंचावर ती खडूची होती. चाकं वरून गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

श्यामसुंदरांना वाटलं, आता ही कागद फाडते. तिचा चेहरा पडला होता, कान लाल झाले होते.

"बापूराव बरोबर आहेत," ती म्हणाली. "चूक माझी आहे. उंबरा फोडा."

"अहो, राहू द्या ना बाई," हिंमतराव मवाळ झाले. "रविवारी आमची दोन पोरं उभी ठेवतो. खुर्ची अल्लद उचलून आत ठेवतील."

"उचलूनच घ्यायचं असतं तर पहिल्या वर्षीच घेतलं असतं. आणि मी नसेन तेव्हा दुसऱ्या कुणाला कोण उचलेल?" मग ती बापूरावांकडे वळली. "फरशीचा उतार आत घ्या. दाराच्या आतल्या अंगाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळी टाका. पाणी जाळीत जाईल, बाहेर येणार नाही. रविवारच्या आत होईल?"

बापूरावांनी उंबऱ्याच्या घासलेल्या कडेवरून एकदा हात फिरवला. "हुईल," ते म्हणाले आणि छिन्नी घेतली.

चारचौघांत आपली चूक अशी सरळ कबूल करणारा माणूस श्यामसुंदरांनी बँकेच्या अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. घरी येताना ती मांडीवर बोटाने जाळीची जागा पुन्हा पुन्हा आखत होती. त्यांना मात्र अभिमानाने इतकं भरून आलं होतं, की त्यांनी कारण नसताना दोनदा हॉर्न वाजवला.

रविवारी पहिला अंक झाला, थाप पडली, मुलीने कडीला हात घातला, पडदा पडला. श्यामसुंदर सवयीने खुर्ची वळवायला उठले. "तुम्ही वडा खा," सुनीती म्हणाली आणि एकटीच निघाली.

त्यांनी वडा घेतला, पण लक्ष सगळं त्या दाराकडे. दारासमोर रांग होती! गुडघे धरलेल्या एक आजी, तान्हं बाळ कडेवर घेतलेली एक आई, आणि त्यांच्यामागे सुनीती. आजी बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दांड्याला धरून उठता येतं हो, फार बरं केलंय कुणी तरी!" सुनीतीने घड्याळाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. रांगेत ताटकळायला लागतं म्हणून कुरकुरायचं भाग्य तिला कितीतरी वर्षांनी मिळालं होतं, आणि ती ते पुरेपूर उपभोगत होती.

तिचा नंबर लागला तेव्हा दुसरी घंटा झाली होती. चाकं दारातून आवाज न करता आत गेली. दार लागलं. श्यामसुंदर बाहेर उभे राहिले. लॉबी रिकामी झाली. तिसरी घंटा झाली. ठोठवावं म्हणून त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"अहो," आतून आवाज आला, "बाहेर पहारा देऊ नका. जाऊन बसा. मी येते माझी."

तिला असं एकटीला सोडून ते कधी कुठे गेले नव्हते. पण ते गेले, जागेवर बसले. शेजारची खुर्चीची जागा रिकामी. अंधार झाला, पडदा उघडला. मुलगी कडीला हात घालून उभी होती. तिने कडी काढली.

त्याच वेळी प्रेक्षागृहाचं मागचं दार ढकललं गेलं आणि श्यामसुंदरांनी मान वळवली. दारातल्या उजेडात सुनीती होती. हातांनी चाकं रेटत, मध्ये आलेल्या पायांना "जरा आत घ्या" म्हणत, ती एकटी, तिच्या चालीने येत होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

ती शेजारी येऊन थांबली, ब्रेक लावला आणि कानाशी वाकून कुजबुजली, "कोण होतं हो दारात?"

"पाहिलं नाही."

"कमाल आहे तुमची! एवढी वर्षं थांबलात आणि ऐन वेळी बघत कुठे होतात?"

मागून कुणी तरी "शूऽऽ" केलं. श्यामसुंदरांनी तिच्या हातावर हात ठेवला. हात अजून ओला होता, नुकताच धुतलेला.