ईश्वरप्पाने वाळवलेली होडी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ईश्वरप्पा फिटरकडे आलेलं यंत्र न चालता परत जात नाही, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा ईश्वरप्पाच जास्त म्हणे. यंत्रमाग असो नाहीतर विहिरीवरचं डिझेल इंजिन, तो आधी भोवती एक फेरी मारायचा आणि मालकाला सांगायचा, "तुमी बाकड्यावर बसा. चहा घ्या. बोलू नका." मालक बोलायला लागला की रोग लपतो, असं त्याचं ठाम मत होतं.

एकोणऐंशी सालच्या माघात त्याच्या दारात ट्रकमधून चक्क एक होडी उतरली. आजूबाजूचे कामगार माग थांबवून बघायला आले. होडीबरोबर तात्याबा होता, करमाळ्याकडचा कोळी, साठी ओलांडलेला. भीमेवर माणसं पलीकडे नेण्यात त्याची हयात गेली होती. पण उजनी धरणाचं पाणी चढलं, पात्र मैलभर पसरलं, आणि वाऱ्यात वल्ही मारून तात्याबाचे खांदे भरून यायला लागले. म्हणून धरणावरच्या कुणा साहेबाने फिरायला वापरलेली ही जुनी लाकडी होडी त्याने लिलावात घेतली. मागचं इंजिन गंजून घट्ट बसलं होतं. पंचायतीने सांगून ठेवलं होतं, पाडव्याला इंजिनाची होडी चालवून दाखव, नाहीतर हे काम दुसऱ्या माणसाला देऊ.

"ही चालली न्हाय तर मी काय करू, आप्पा?" तात्याबाने विचारलं. "मला दुसरं कायबी येत न्हाय."

"न चालायला काय झालं? बाकड्यावर बसा की!"

ईश्वरप्पाने असलं इंजिन जन्मात पाहिलं नव्हतं, पण तसं कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने ते सुटं केलं, रॉकेलमध्ये धुतलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चकती कुजली होती, ती त्याने ट्रकच्या जुन्या टायरमधून कापून कानशीने घासून बसवली. चौथ्या आठवड्यात पाण्याच्या पिंपात उभं केलेलं इंजिन असं काही सुरू झालं की पिंपातलं निम्मं पाणी शेजारच्या चादरींवर उडालं. शेजाऱ्याने शिव्या घातल्या. ईश्वरप्पाला त्या गोड लागल्या.

होडीची त्याने आणखी बडदास्त ठेवली. ओल म्हणजे यंत्राचा वैरी, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. त्यामुळे सहा आठवडे त्याने ती सोलापूरच्या उन्हात कडकडीत वाळवली आणि वर निळा रंग चढवला. मधे एकदा तात्याबा येऊन गेला. "आप्पा, होडी अशी उन्हात..." एवढंच तो म्हणाला आणि ईश्वरप्पाने त्याला बाकडं दाखवलं.

पाडव्याला पाच दिवस होते तेव्हा होडी भीमेच्या पाण्यात उतरली. काठावर निम्मं गाव जमलं होतं. सरपंच मानसिंग टोपी सारखी करत पुढे उभे होते. तात्याबाने दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि ईश्वरप्पाची छाती फुगली. होडी वीस-पंचवीस हात गेली असेल. मग तात्याबाच्या पायाशी पाणी दिसलं. बघता बघता ते पोटरीला लागलं. फळ्यांच्या प्रत्येक सांध्यातून पाणी आत येत होतं. इंजिन बंद करून म्हाताऱ्याने कशीबशी वल्ह्याने होडी काठाला आणली.

"रंग झ्याक हाय पण," कुणीतरी म्हणालं आणि सगळा काठ हसला. ईश्वरप्पाची कानशिलं तापली. त्याने वाकून एकेक फळी ठोकून पाहिली. एकही फुटलेली नव्हती, एकही कुजलेली नव्हती. आता मात्र त्याला काही सुचेना. तात्याबा चिखलात मटकन बसला होता आणि त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ईश्वरप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"तात्याबा, तुमी बोला. माझं काय चुकलं?"

"लाकूड वाळून आकसलंय, आप्पा. म्हणून फटी पडल्यात. तीन दिस पाण्यात बुडवून ठिवायची. लाकूड फुगतं, फटी आपसूक मिटत्यात."

"आदी का न्हाय सांगितलं?"

"बाकड्यावर बसलो हुतो की."

ईश्वरप्पा उठला. त्याने इंजिन काढून घेतलं, आणि ज्या होडीचा रंग तो रोज कापडाने पुसत होता तिच्यात स्वतःच्या हाताने धोंडे भरले. होडी तळाला जाईपर्यंत त्याचा हात थांबला नाही.

पाडव्याच्या सकाळी धोंडे काढले, पाणी उपसलं, इंजिन बसवलं. अर्धा तास पाण्यात उभ्या होडीत एक थेंब आला नाही. पण गाव आता शहाणं झालं होतं. कुणी पाय टाकेना.

"ज्यानं दुरुस्त केली, त्यो बसू द्या आदी," मानसिंग म्हणाले. "त्यो पलीकडं जाऊन आला की काम तात्याबाचं."

सगळे ईश्वरप्पाकडे बघायला लागले. तो कोरड्या रानातला माणूस, गुडघाभर पाण्यापुढे कधी गेला नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं. त्याने तात्याबाकडे पाहिलं. म्हातारा इंजिनाचं हँडल धरून उभा होता. ईश्वरप्पाने चपला काढून काठावर ठेवल्या, गळ्यातल्या शिवलिंगाला हात लावला आणि होडीत जाऊन बसला.

काठ मागे पडत गेला. मैलभर पाणी, त्यावर वारा. फळ्या हलत होत्या आणि ईश्वरप्पाचे डोळे त्यांच्या सांध्यांवरून हलत नव्हते. सगळे कोरडे होते. निम्म्यात आल्यावर त्याने घसा साफ केला.

"तात्याबा, मला पोहता येत न्हाय."

"ठावं हाय," तात्याबा म्हणाला. "बसताना बगितलं की मी. म्हणून तर सावकाश चालवतोय."

ईश्वरप्पाने फळीवरची पकड सोडली, मान वर केली आणि पलीकडच्या काठावर जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

"सावकाश कशाला?" तो म्हणाला. "इंजिन म्या बसवलंय, होडी तुमच्या सांगण्यावरनं बुडवलीय. सोडा जोरात!"