काकीच्या चिलखताची घडी

मंतरलेलं चिलखत जपून ठेवण्यात माझ्या काकीचा हात धरणारं माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचं नाही. वय सासष्ट, मुक्काम गोखिवऱ्याला तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेळ जावा म्हणून मी तिच्या टॅबवर तो ठोकळ्यांच्या जगाचा खेळ घालून दिला. खणायचं, पिकवायचं, घर बांधायचं आणि राक्षसांपासून जीव वाचवायचा. मी विरारहून माझ्या मोबाइलवर तिच्याच जगात खेळायचो, फोन सतत चालू. महिन्याभरात ती मला शिकवायला लागली. खाडीकाठच्या भातशेतीत जन्म गेलेला, त्यामुळे खेळातल्या तिच्या गव्हालाही दोरी लावल्यासारख्या ओळी.

खेळातल्या जादूच्या औषधांना ती सरळ काढे म्हणते. जखम भरायचा काढा, आगीत न जळायचा काढा, सगळे बाटल्या भरून फळीवर. हत्यारांवर मंत्र घालायचा तो आंघोळ झाल्यावर, आणि अमावास्येला मुळीच नाही. पक्क्या मंत्रासाठी मंतरायच्या टेबलाभोवती पुस्तकांची पंधरा कपाटं मांडावी लागतात. ती मांडून काकी म्हणाली, "येवढी पुस्तकं, नि वाचाया एक बी मिलत नाय!" असं करत तिने हिऱ्यांचं एक चिलखत मंतरलं. आगीलाही दाद देणार नाही असं. आणि पेटीत ठेवून दिलं.

दोन वर्षं त्याची घडी मोडली नाही. ही अंगात पोचे आलेलं लोखंडी चिलखत घालून हिंडायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "येवढं भारी घालून कोन कोंबड्या राखतो? परसंगाला काढू." आणि आमचं जग एकाच जिवाचं, म्हणजे मेलं की कायमचं बाद. तेही तिनेच हट्टाने निवडलेलं.

एका रविवारी दुपारी मी शहाणपणा करून एकटाच खेळातल्या पाताळात गेलो आणि लाव्हाच्या काठावर घसरून आत पडलो. फोनवर ओरडलो. काकी होती तशी धावत आली, लोखंडातच. घाईत आगीच्या काढ्याची एकच बाटली तिने उचलली होती. ती तिने लांबूनच माझ्यावर फेकली. मी न जळता बाहेर चढलो, तेवढ्यात कुठून तरी राक्षसाचा आगीचा गोळा येऊन तिच्यावर आदळला आणि ती खाली लाव्हात गेली.

 फोनवर तिचा आवाज आला, "तू वाचला ना?"

 काकीने माझ्यासाठी दोन वर्षांचं जग सोडलं, हे मी ऑफिसात प्रत्येकाला सांगितलं आहे. हसणाऱ्यांना दोनदा सांगितलं आहे.

"पेटीतलं चिलखत तू घाल," ती म्हणाली. "आनि रोज घाल. माज्यासारखा ठेवत बसू नको."

मी रोज घालतो, कोंबड्या राखतानासुद्धा. या खेळात मेलेल्याला हवेतून फिरत सगळं बघता येतं, हात मात्र कशालाच लावता येत नाही, आणि जिवंत माणसांना तो दिसतही नाही. शेतात कापणी करताना फोनवर काकीचा आवाज येतो, "डावीकडची गव्हाची ओल पिकली रे, काप." मी कापतो, आणि ती दिसणार नाही हे माहीत असून एकदा वर बघतो.